टाकळीची खबर

मी सरकारी जीपचा ड्रायव्हर. जेवढ्या सभा मी ऐकल्या तेवढ्या एखाद्या मंत्र्यानंही ऐकल्या नसतील, कारण मंत्री आपलं भाषण आटोपलं की उठतो आणि ड्रायव्हरला सतरंज्या झटकेपर्यंत थांबावं लागतं. शिवाय भोंगा आणि बॅटरी सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे मला झोपता येत नसे. बाकी सगळे झोपायचे. सभा म्हणजे झोपेची सरकारी सोय, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे आणि ते बदलायला मला एकच माणूस भेटला.

बावन-त्रेपन सालानंतर वऱ्हाडात ठिकठिकाणी विकासाचे ब्लॉक उघडले आणि सभांचं नुसतं पेव फुटलं. खताच्या खड्ड्याची सभा, बिनधुराच्या चुलीची सभा, देवीच्या लसीची सभा. साहेब तासभर बोलत, माणसं माना डोलवत. साहेबांना वाटे, पटलं. मला दिसे, डुलकी आहे. बायांच्या सभेची तर बातच सोडा. डोक्यावरून पदर ओढून, लेकरू मांडीवर घेऊन, अर्ध्या बाया भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. "समजलं का?" विचारलं की एका सुरात "हो जी". काय समजलं, असं विचारलं की पदर आणखी दोन बोटं खाली. मग चहा, आभार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चुलीतून तोच धूर.

अशा ब्लॉकात जमुनाबाई ग्रामसेविका म्हणून आल्या. अमरावतीच्या अलीकडचा, मोझरीपासून मोर्शीपर्यंतचा पट्टा त्यांच्याकडे होता. उंच, काटकुळी बाई. कपाळ मोकळं, फिक्या रंगाचं लुगडं, आवाज थोडा घोगरा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "नत्थुजी, खड्ड्यातून गाडी नेता तवा मले सांगत जा. मी काही कापसाचं गाठोडं नाई." मला राग आला. पण खड्डा आला की मी सांगू लागलो.

त्यांची हकीकत मला जीपमध्ये तुकड्या-तुकड्यानं कळली. माहेर बाळापूरजवळची टाकळी, मन नदीच्या काठावर. लग्न होऊन अमरावतीकडे आल्या, तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. मोठा भाऊ महादेवराव येऊन त्यांना परत टाकळीला घेऊन गेला. तो वाईट माणूस नव्हता, हे जमुनाबाई दर वेळी आधी सांगत. घरात पहिली भाकर तो बहिणीच्या ताटात टाकायला लावायचा. पण बहिणीनं सातवी पास होऊन नुसतं ज्वारी निवडत बसावं हे बहिणीला मानवेना. गावच्या मास्तरांनी ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगचं सांगितलं आणि ती हट्टाला पेटली. तेव्हा महादेवराव म्हणाला, "आपल्या घरची बाई गावोगाव सभेत उभी राहून बोलीन? जाशीन तं जाय. पन मंग मुऱ्हाळी येनार नाई."

लेकीला माहेरी न्यायला घरचं जे माणूस येतं त्याला आमच्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला नाही तर लेकीनं आपण होऊन माहेरचा उंबरा चढू नये, अशी रीत. रीत कोणी केली देवाला ठाऊक, पण पाळतात ती बायाच. जमुनाबाई गेल्या आणि मुऱ्हाळी खरंच आला नाही. अक्षय तृतीयेची आखिती आली, दिवाळी आली, भाऊबीज आली. सणाच्या दिवशी त्या धुतलेलं लुगडं नेसून खोलीच्या दाराशी बसत. मी रॉकेल द्यायला गेलो की म्हणत, "बसली हो अशीच, उजेडात." टाकळीला त्यांची आई होती, सुंदराबाई. भावावरचा राग त्यांनी कधीच सोडून दिला होता, पण आई डोळ्यांसमोरून हलत नसे. "माय हाय तवरच माहेर, नत्थुजी. तेवढ्यात त्यानं एकडाव बोलावलं म्हनजे झालं," असं त्या म्हणत. यापलीकडे त्या बाईला जगाकडून काही नको होतं.

तर सभेचं सांगतो.

सुरुवातीला जमुनाबाईंच्या सभाही इतरांसारख्याच झोपाळू होत्या. वरून हुकूम आला की सुरुवात मनोरंजक करावी. त्यांना वाटलं, उखाण्यांपासून सुरू करू. बायांना नाव घ्यायची हौस असतेच. मोझरीच्या बाजूचं एक गाव होतं. पहिली लाजली, दुसरीनं घेतलं, तिसरीनं नवऱ्याच्या मिशीवरून असा उखाणा रचला की बाहेर बसलेल्या मलाही हसू आवरेना. सभा जागी झाली. एवढ्यात दाराजवळ बसलेली तानुबाई नावाची बाई मुकाट्यानं उठली आणि निघून गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग हसत-खिदळत फेरा पूर्ण झाला आणि सगळ्या ओरडल्या, "आता बाई, तुमी घ्या!"

जमुनाबाई उभ्याच राहिल्या. नवरा गेलेल्या बाईनं नाव घ्यायचं नसतं, आणि आपण मांडलेला डाव फिरून आपल्यापाशी येणार हे त्या साफ विसरल्या होत्या. चार वर्षं एकट्यानं कामात राहून त्यांना वाटायला लागलं असेल की आपण फक्त ग्रामसेविका आहोत. बायांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि एकेकीचं हसू गळालं. त्या दिवशी लसीचं भाषण कोणी ऐकलं नाही.

परतताना जीपमध्ये त्या मागच्या वाटेकडे वळून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ते तानुबाई उठून गेली, नत्थुजी. ते रांडमुंड, मीबी रांडमुंड. अन् मीच तिले उठवलं." पुढे बडनेऱ्याचा फाटा आला तेव्हा एकदम म्हणाल्या, "नवरा सगळ्याइले नसते. पन माहेर तं सगळ्याइले असते ना?"

पुढच्या सभेपासून नवऱ्याचं नाव बंद. उभं राहायचं आणि माहेराचं नाव घ्यायचं. साध्या शब्दांत घ्या, उखाण्यात घ्या. आणि नियम असा की त्या गावाशी जिचा काहीही संबंध असेल, सासर, मावशी, नुसती बाजाराला गेली असेल तरी, तिनं उठून त्या गावची एक ताजी खबर सांगायची. जिचं माहेर तिनं म्हणायचं, "खबर पोचली." कोणालाच काही माहीत नसेल तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "येईन खबर."

एवढाच खेळ. पण तो पहिल्यांदा झाला तेव्हा मी बिडी पेटवायची विसरलो. ज्या बाया भिंतीकडे तोंड करून बसत त्या वळून बसल्या, कारण दुसरीचं गाव कोणतं हे ऐकल्याशिवाय खबर देणार कशी? आणि आपलं गाव घेतलं की कोण उठते हे पाहायला पदर वर करावाच लागे. म्हाताऱ्या तर लेकरासारख्या पुढं सरकत. नव्वदीला टेकलेली एक आजी काठी टेकून उठली आणि नाव घेऊन म्हणाली, "मले साठ वर्स झाले त्या गावाले जाऊन. हाय काय ते अजून?" एक पोरगी उठली नि म्हणाली, "हाय जी आजी, मी परवाच आली तथून. चिंचेचं झाड पडलं, बाकी हाय." आजीला खबर पोचली म्हणता येईना, शेजारणीनं म्हटलं.

आमच्या मुख्यसेविका माणिकबाई तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "याचा विकासाशी संबंध काय?" जमुनाबाई म्हणाल्या, "बाई, तोंड एकदा उघडलं की ते लसीबद्दलही बोलते." आणि तसंच झालं. खबर म्हणून काय येई? अमक्या गावच्या विहिरीत औषध टाकलं. तमक्या गावात लस टोचल्यावर लेकराला दोन दिवस ताप आला पण देवी आल्या नाहीत. साहेबानं सांगितलं असतं तर बायांनी "हो जी" म्हटलं असतं. माहेरच्या गावानं केलं म्हटल्यावर त्या सासूशी भांडून आपल्याही गावात करून घेत.

एका गावातली गोष्ट मी विसरत नाही. छप्पननंतर बौद्ध झालेल्या बायाही सभेला येऊ लागल्या होत्या, पण त्या आपलं पोतं आणून बाजूलाच बसायच्या. पाटलीण पुढं सतरंजीवर. पाटलिणीनं वरूडकडच्या आपल्या माहेराचं नाव घेतलं आणि खबर द्यायला उठली ती मागची पंचफुला. तिचंही माहेर तेच. ती ताठ उभी राहून म्हणाली, "तुमच्या मायच्या डोयाचं आपरेशन झालं. आता सुईत दोरा ओवते. परवा अंगनात बसून संत्र्याच्या पाट्या मोजत होती." पाटलीण उठली, सगळ्या बाया ओलांडून पोत्यापाशी जाऊन बसली आणि आईनं कोणतं लुगडं नेसलं होतं इथपर्यंत विचारत राहिली. शेवटी चहा आला तो पंचफुलेला वेगळ्या कपातूनच आला. मी खोटं कशाला सांगू? पंचफुलेनं तो कप पाहिला आणि तसाच ठेवून दिला. पाटलिणीनंही आपला चहा मग खाली ठेवला. एवढं झालं.

सभेच्या शेवटी जमुनाबाई आपलं माहेर घेत. "बाळापूरजवळची टाकळी, मन नदीच्या काठची." आमच्या पट्ट्यात बाळापूरकडच्या लेकीसुना कुठून असणार? आणि टाकळ्या तर वऱ्हाडात दगड मारावा तिथे. कोणीतरी उत्साहानं उठायची, "टाकळीची खबर हाय जी!" जमुनाबाईंचा चेहरा असा काही उजळे की मी दुसरीकडे पाहायचो. दोन वाक्यांत कळायचं की ही टाकळी दर्यापूरकडची. तरी त्या सगळी खबर नीट ऐकून घेत आणि म्हणत, "खबर पोचली."

मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, दुसऱ्याच्या टाकळीची खबर काहून घेता?"

"तितंबी कोनाची माय असनच ना," त्या म्हणाल्या.

वर्षं गेली. त्यांचा खेळ दुसऱ्या ब्लॉकांनी उचलला, साहेब लोक तो आपलाच म्हणून सांगू लागले. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट हिशेब असा की जितक्या गावांत माहेराचं नाव घेतलं जाईल तितकी टाकळीची बाई कुठंतरी सापडायची आशा जास्त. वेड्या होत्या. पण शहाण्या माणसांनी कुठं काय मोठं करून ठेवलंय?

एकसष्टच्या थंडीत अकोल्याला महिलांचा मोठा मेळावा भरला. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडच्या बाया. भला मोठा मांडव, तालुक्या-तालुक्याचे फलक लावलेले, बाया आपापल्या फलकाखाली बसलेल्या. प्रमुख पाहुणे येणार होते दहाला. बारा वाजले तरी पत्ता नाही. माइकवरून दर थोड्या वेळानं "पाहुणे येतच आहेत" चालू होतं. लेकरं रडायला लागली, बाया चुळबुळत उठून निघायला लागल्या. माणिकबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी माइक जमुनाबाईंच्या हातात खुपसला. "तुझं ते माहेर घे. काहीही कर, पण यांना बसव."

जमुनाबाई स्टेजवर थांबल्याच नाहीत. माइक घेऊन खाली उतरल्या आणि बायांच्या मधोमध शिरल्या. वायरचं भेंडोळं घेऊन मी मागे, कोणाच्या लेकराच्या पायात अडकू नये म्हणून ती उचलत, सोडवत. त्यांनी एकेकीपुढे माइक धरला. वरूडची बाई, मूर्तिजापूरची बाई, अचलपूरची बाई. एका कोपऱ्यातून नाव निघे आणि दुसऱ्या कोपऱ्यातून कोणीतरी हात उंच करून उठे. निघालेल्या बाया परत फिरल्या. थोड्या वेळानं कोण कोणत्या फलकाखाली आहे याचा मेळच राहिला नाही. पाहुणे विसरले गेले.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. जमुनाबाई सगळीकडे जात होत्या, बाळापूरच्या फलकाकडे जात नव्हत्या. दोन वेळा त्या बाजूला निघाल्या आणि वळल्या. इतकी वर्षं जी खबर त्या दारोदार मागत होत्या ती आता हाकेच्या अंतरावर बसली होती आणि त्यांचे पाय उचलत नव्हते. खबर काय निघेल कोणाला माहीत? आई असेल की नसेल? टाकळीच्या खोट्या खबरा ऐकून घेणं सोपं होतं.

शेवटी बायाच ओरडल्या. "बाई, तुमचं माहेर घ्या! तुमचं राहिलं!"

बाळापूरकडे पाठ करून त्यांनी नाव घेतलं. "बाळापूरजवळची टाकळी. मन नदीच्या काठची."

मग मागून आवाज आला, "ते तं माहं सासर हाय जी."

नवी सून होती, सतरा-अठराची, हातात चुडा. माइक तिच्यापर्यंत गेला. ती आधी भोंग्यातून येणाऱ्या आपल्याच आवाजाला घाबरली, मग धीट झाली. नाव सांगितलं शालू. "नदीले यंदा पानी हाय. शायेची नवी खोली झाली. कापूस बरा हाय."

जमुनाबाईंनी "खबर पोचली" म्हटलं की संपलं असतं. पण त्यांनी विचारलं, "कोनत्या घरची तू?"

"महादेवरावाइची सून."

भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली. "घरी सगळे बरे हाय?"

"बरे हाय जी. मोठी माय तेवढी दिवाईपासून खाटेवर हाय. मामंजीची माय. तिले आता कोनी ओयखू येत नाई. दिवसभर एकच इचारते, जमी आली काय, जमी आली काय. कोन जमी, ते मले घरात कोनी सांगत नाई. मामंजीले इचारलं तं ते उठून वावरात चालले गेले."

दोन-चार बाया हसल्या, म्हाताऱ्यांचं असंच असतं म्हणून. जमुनाबाईंनी माइक खाली केला. त्यांनी खबर पोचली म्हटलं ते भोंग्यातून आलं नाही, वायर धरून उभा होतो म्हणून मी ऐकलं. तेवढ्यात बाहेर पाहुण्यांची मोटार लागली आणि सगळे हार घेऊन तिकडे धावले.

जीप काढायला मी कोणाची परवानगी विचारली नाही. विचारली असती तर अर्ज लिहा म्हणाले असते. शालूला मागे बसवलं आणि बाळापूरचा रस्ता धरला. बाळापूर मागे पडलं, गाडीवाट लागली, नदी दिसली, तेव्हा मागून शालूनं हळूच विचारलं, "आत्याबाई, तुमीच काय ते जमी?"

त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, "थांबवा."

मी थांबवली. त्या समोर पाहत होत्या. "मुऱ्हाळी आला नाई, नत्थुजी. बोलावल्याबिगर कसं जाऊ? त्यानं दारातून परत लावलं तं?"

मला संताप आला. त्यांचा, त्यांच्या भावाचा, त्या रीतीचा, सगळ्यांचाच. "बाई," मी म्हटलं, "मांडवभर बायाइसमोर भोंग्यातून बोलावनं आलं तुमाले. आनखी कोनतं पायजे? दारातून परत लावलं तं मी हाय ना, परत न्यायले." आणि उत्तराची वाट न पाहता गाडी पाण्यात घातली.

दुपार कलली होती. घर टिनाचं, अंगणात कापसाचा ढीग, फाटकाजवळ माणसं न्यायची छोटी बैलगाडी, दमणी, सोडून ठेवलेली, कडुलिंबाखाली बैल. मी जीप फाटकातच उभी केली. महादेवराव दोर वळत बसला होता. मोठा, पिकल्या केसांचा माणूस. बहिणीला पाहून उठला. हातातला दोर तसाच. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शालू पुढे झाली, तांब्याभर पाणी आणून तिनं आत्याबाईंच्या पायावर घातलं, भाकर तुकडा ओवाळून टाकला. सासऱ्याला न विचारता. जमुनाबाई उंबरा चढून आत गेल्या.

खाट दारासमोरच होती. सुंदराबाई एवढीशी झाली होती, पांघरुणात बाई आहे की नाही कळू नये एवढी. जमुनाबाई खाटेच्या काठावर बसल्या आणि त्यांनी आईच्या पायांवर हात ठेवला. म्हातारीनं डोळे उघडून पाहिलं. घरी आलेल्या परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "कोन वं माय तू? तुयं माहेर कोनतं?"

हजारो बायांना जमुनाबाईंनी हेच विचारलं असेल. त्यांनी आईचे पाय पांघरुणात नीट झाकले. दाराशी महादेवराव येऊन उभा राहिला होता. त्याचा आवाज फुटला.

"ह्याच गावची हाय ते, माय. हेच माहेर हाय तिचं."

"ह्याच गावची?" म्हातारी उठून बसायला धडपडू लागली. जमुनाबाईंनी तिला पाठीमागून आधार दिला. "मंग तं तू आमच्या जमीले ओयखत अशीन. कशी हाय वं ते?"

"बरी हाय."

"जेवते खाते ना?"

"हो. जेवते."

"तिले म्हन, नवकरी करतं तं कर, पन डोक्याले तेल लावत जाय. लई रुक्ष केस तिचे." आईचा हात हवेत चाचपडत होता. जमुनाबाईंनी डोकं खाली वाकवलं, पण तो हात तिथवर पोचला नाही. "येत काहून नाई ते? मी रोज इचारते, हे लोक मले सांगत नाई."

महादेवरावानं चौकट धरली. जमुनाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "कामात असते, माय," त्या म्हणाल्या. "सभा असते तिच्या. लई बाया येते तिच्या सभेले. रागावली नाई ते कोनावर. येतो म्हनत होती."

"येतो म्हनते, पन कशी येईन? मुऱ्हाळी गेल्याबिगर लेक येत असते काय?" म्हातारीचा आवाज एकदम चढला, घरधनिणीचा झाला. "महादेवा! ऐकून राह्यला नं रे? दमनी जुप. जाय, जमीले घेऊन ये."

मी अंगणात उभा होतो. महादेवराव बाहेर आला. मला वाटलं, डोळे पुसायला आला. तो सरळ कडुलिंबाकडे गेला, बैल सोडले, एकेक आणून दमणीला जुंपले. जुवाडीचा दोर दोनदा सुटला. मग त्यानं गोधडी झटकून बैठकीवर अंथरली, नीट, चारी कोपरे ओढून, आणि पुढे कासरा धरून बसला.

"कुठी जाता?" मी विचारलं.

"माय म्हनते, जमीले घेऊन ये," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "इतके वर्स म्हनत होती. मी गेलो नाई."

माझी जीप फाटकात आडवी होती. मी ती मागे घेतली. दमणी बाहेर पडली आणि नदीच्या वाटेला लागली.

आतून म्हातारीचा आवाज आला, "गेला ना तो?"

"गेला, माय," जमुनाबाई म्हणाल्या.

"मंग आता येईन जमी. तू घाई नोको करू, बस. तिले भेटूनच जाय."

जमुनाबाई बसल्या. त्यांनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दोघी दाराकडे तोंड करून जमीची वाट पाहत राहिल्या.